जासईचा धुरीवाला

जासईच्या नाक्यावरून उरणच्या अंगाला लागलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंटेनरच्या थप्प्या सुरू होतात. त्यांतल्याच एका यार्डात जयदेव घरत एकोणीस वर्षं धुरी द्यायचं काम करत होता. कागदोपत्री तो ‘फ्युमिगेशन ऑपरेटर’ होता. ट्रेलरवाले त्याला ‘गॅसवाला’ म्हणायचे. त्याची आई सगुणा होती तोवर शेजारणींना सांगायची, “माजा जयदेव धुरी देतो,” जणू लेक देवळात ऊद फिरवायच्या कामाला लागला होता.

काम समजायला सोपं होतं. इथून ऑस्ट्रेलियाला माल जायचा आणि तिकडून इथे यायचा. जाताना फरशीचे दगड, चादरी, स्टीलची भांडी, राजस्थानकडची लाकडी कपाटं. येताना बहुतेक हरभरा आणि मसूर. दोन्ही देशांना एकमेकांचा माल हवा होता, एकमेकांचे किडे नको होते. दगडाला कीड लागत नाही, पण दगड ज्या लाकडी चौकटीत उभा करतात त्या लाकडात एखादी अळी बसलेली असायची, आणि ती तिकडे उतरलेली त्यांना खपत नसे. हरभऱ्यातला भुंगा आपल्याला खपत नसे. म्हणून जाणाऱ्या कंटेनरला निघण्याआधी आणि आलेल्या हरभऱ्याला उतरल्यावर विष द्यायचं. दोन्हीकडचं विष जयदेवच्या हातून जायचं.

लाकडी माल ताडपत्रीखाली घ्यायचा, कडेने वाळू भरलेल्या लांब पिशव्या मांडायच्या, म्हणजे हवेला फट राहत नाही. कंटेनर असेल तर दारं चिकटपट्टीने बुजवायची. नळी आत सोडायची आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडायचा. गॅस थंडगार असतो. तो तापलेल्या पाण्याच्या टाकीत बसवलेल्या तांब्याच्या वेटोळ्यातून काढून ऊन करून आत सोडतात. मग कवटीचा बोर्ड लावायचा आणि चोवीस तास जवळ फिरकायचं नाही. दुसऱ्या दिवशी दारं उघडून हवा खेळू द्यायची, मीटर लावायचं, आकडा खाली आला की आत जायची परवानगी लिहायची. ती लिहिली की मालाचा रस्ता मोकळा.

त्या गॅसला रंग नाही आणि वासही नाही. माणसाला सुगावा लागावा म्हणून त्यात डोळे चुरचुरतील असं काहीतरी थोडं मिसळलेलं असतं. तोंडावर मास्क असे, मास्कला गाळणीचा डबा असे, आणि डब्यावर तारीख असे. तारीख उलटून गेली तरी डबा बदलून मिळायला चार वेळा सांगावं लागे. जयदेव दोनदा सांगून सोडून द्यायचा.

त्याचा बाप मिठागरावर राबला होता. मिठाने त्याच्या टाचांना अशा भेगा पडल्या होत्या की त्यांत बोटाचं पेर जायचं. पुढे मिठागरंही गेली आणि शेतंही. गावाला वळसा घालून रस्ते आले आणि रस्त्यांच्या पाठोपाठ यार्डं आली. दहावी झालेला जयदेव पंचवीस-सव्वीसचा असताना यार्डात लागला. टाचा फाटणार नाहीत असं काम मिळालं म्हणून बापाला बरं वाटलं.

पुढे दोन देशांत काही करार झाला म्हणे, आणि माल वाढला. आधी दिवसाला सात-आठ कंटेनर असायचे, ते पंधरा-वीसवर गेले. जहाजाची वेळ गाठायची असली की सकाळी सातला दार उघडून आठला माणूस आत जाई. मीटरचा आकडा उतरला असेल अशा हिशोबानं. डोळे चुरचुरायचे. चार वर्षांपूर्वी एकदा ते चुरचुरायचेही थांबले, तेव्हा जयदेवला वाटलं, चला, सवय झाली.

पहिल्यांदा पाय गेले. गेले म्हणजे होते जागेवरच, पण जमीन कळेनाशी झाली. एकदा यार्डाच्या फाटकापासून चहाच्या टपरीपर्यंत तो एकाच चपलेवर गेला. दुसरी वाटेत कुठेतरी निघून पडली होती. टपरीवाल्यानं दाखवलं तेव्हा जयदेवनं खाली पाहिलं आणि हसला. बाकीचेही हसले. मग बोटांची टोकं गेली. त्यांवर कुणीतरी जाड कापड गुंडाळल्यासारखं झालं. घरी कोलंबी सोलायला बसला आणि ताटलीत लाल दिसलं तेव्हा त्याला कळलं की काटा अंगठ्यात अर्धा रुतलाय.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. लपवायचं असं ठरवलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंच त्याला वाटलं नाही. दुखत असतं तर माणूस सांगतो. न दुखण्याबद्दल काय सांगणार?

दोन वर्षांपूर्वी सगुणा गेली. आठ दिवस अंथरुणाला खिळून होती. शेवटच्या दुपारी जयदेव तिचा हात हातात धरून बसला होता. समोर त्याची बायको दमयंती तिच्या ओठांना चमच्याने पाणी लावत होती. हात कधी थंड पडला ते जयदेवला समजलं नाही. दमयंतीनं चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, “हात सोरा आता. आई गेली.” तरी तो हात धरूनच बसला, कारण त्याच्या लेखी त्या हातात काही बदललं नव्हतं.

तो रडला नाही. दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. गावात बायका बोलल्या, दगड आहे मेला, आईसाठी डोळ्यांतून टिपूस नाही. जयदेवच्या कानावर ते आलं. त्याला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाईट वाटत नाहीये हे मात्र त्याला नीट कळत होतं. बोटांचं कापड हळूहळू आतपर्यंत गेलं असावं, असा एक विचार त्याच्या मनात येऊन गेला. मग जहाज लागलं आणि काम आलं.

दमयंती जुईनगरच्या बाजारात म्हावरं विकते. पहाटे करंजा बंदरावरून माल उचलायचा, नऊपर्यंत जुईनगर गाठायचं, दुपारी परत. बोलायला खमकी, हाताला झपाट्याची. या तीन वर्षांत तिचं नवऱ्याशी बोलणं कमी कमी होत गेलं. आधी भांडायची, मग भांडायचीही थांबली. त्यांना एकच लेक, योगिनी, ती लग्न होऊन पेणला गेलेली. घरात दोनच माणसं, आणि दोघं एकमेकांना वाट देत वावरायची. जेवण वाढलं जायचं, गणवेश धुतला जायचा. जयदेवला यात काही बिनसलंय असं वाटत नव्हतं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाकडून तपासणीला एक बाई आली. दर दोन वर्षांनी तिकडून कोणीतरी यायचं. धुरी नीट देतात की नाही ते बघायचं, तरच इथल्या कागदाला तिकडे किंमत. एरवी आलेली माणसं ऑफिसात फायली चाळायची, यार्डात दहा मिनिटं उभी राहायची आणि जेवायला जायची. ही बाई साठीची, उंच, रुंद काठाची टोपी घातलेली. नाव मार्गारेट. सकाळी आठलाच तिनं प्लॅस्टिकची खुर्ची ओढून ताडपत्रीच्या बाजूला मांडली आणि बसून राहिली. तिच्याबरोबर दुभाष्या म्हणून प्रितेश होता. प्रितेश जुईनगरचाच, तिशीतला, शिकलेला. कंपनीचं धुरीचं लायसन त्याच्या नावावर होतं आणि कागदांवर सही त्याची असायची.

त्या दिवशी जयदेवबरोबर शहाजी होता. शहाजी पवार मूळचा साताऱ्याकडचा, पाटण भागातला, राहायला दिघ्याला. आधी तिकडच्या एका केमिकल कंपनीत होता, ती बंद पडली तसा गॅसवर आला. अकरा वर्षं दोघं जोडीनं काम करत होते. शहाजीच्या डब्यातला खरडा आणि जयदेवच्या डब्यातली सुकट एकाच झाकणात पडायची.

शहाजी वाळूच्या पिशव्या मांडत होता. जयदेव पाण्याच्या टाकीपाशी होता. दाबाचा काटा वाचायला तो खाली वाकला आणि तोल सावरायला डावा हात त्यानं टाकीच्या पत्र्यावर टेकला. आत पाणी उकळायच्या बेतात होतं. काटा नीट दिसेना म्हणून तो तसाच वाकून राहिला.

मार्गारेट उठली. धावली नाही, ओरडलीही नाही. चार ढांगांत आली आणि त्याचं मनगट धरून हात वर उचलला. तळव्याची कातडी पांढरी पडली होती आणि एक सालपट पत्र्यालाच चिकटून राहिलं होतं. जयदेवनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग हाताकडे. हात दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा त्यानं तो निरखला.

ती प्रितेशला काहीतरी म्हणाली. प्रितेशचा चेहरा उतरला.

“काका, त्या विचारतायत, कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“हे. कळत नाही ते.”

जयदेवनं जरा विचार केला. “तीन वरसं झाली असतील. पायांना जास्त.”

इतकी वर्षं जे घरात बोलला नव्हता ते त्यानं असं भर यार्डात, एका परक्या बाईला, प्रितेशच्या तोंडून सांगितलं. प्रितेश भाषांतर सोडून त्याच्याकडे वळला.

“तीन वर्षं? मला बोलायचं ना, काका.”

“तू इचारला नाय.”

मार्गारेटनं त्याला नळापाशी नेलं आणि पाण्याखाली त्याचा हात धरून ती वीस मिनिटं उभी राहिली. घड्याळ बघून वीस. तेवढ्यात गप्प कसं उभं राहायचं म्हणून की काय, ती प्रितेशला काहीबाही सांगत होती.

“त्या म्हणतायत, त्यांच्या भावाची तिकडे शेती आहे. हरभरा लावतो तो. कदाचित तुमच्या इथेच येत असेल.”

“येतो तिकरचा हरभरा,” जयदेव म्हणाला. “चांगला असतो. खरे-माती नसते त्यात.”

ते ऐकून बाई हसली नाही. तिनं मान खाली घातली आणि नळ थोडा आणखी सोडला.

संध्याकाळपर्यंत तिनं तीन पानं लिहिली. मास्कच्या डब्यांच्या तारखा, दारं उघडायच्या वेळा, आणि जयदेवचं नाव. ह्या माणसानं पुन्हा गॅसजवळ जायचं नाही, त्याची तपासणी करून कागद पाठवा, नाहीतर तुमच्या धुरीचा कागद आम्ही घेणार नाही. एकोणीस वर्षांत कंपनीनं जे केलं नव्हतं ते त्या तीन पानांनी चार दिवसांत झालं. नवे डबे आले. जयदेवला मोठ्या सरकारी दवाखान्यात नसांच्या डॉक्टरकडे पाठवलं.

दमयंती बरोबर गेली. हाताला भाजलंय एवढंच तिला ठाऊक होतं. डॉक्टर तरुण होता, हळू बोलणारा. त्यानं जयदेवला डोळे मिटायला सांगितले आणि पायाचा अंगठा वर केला, खाली केला. कुठे आहे सांगा. जयदेवनं प्रत्येक वेळी ‘वर’ सांगितलं. सुईचं टोक आणि सुईचं बूड, दोन्ही त्याला सारखंच. शेवटी डॉक्टर म्हणाला, डोळे मिटूनच शर्टाचं वरचं बटण लावा. जयदेवची बोटं बटणावरून सरकत राहिली. चार-पाच वेळा ती काजापर्यंत गेली आणि परत आली. दमयंती बाजूच्या स्टुलावर बसली होती. तिनं हात पुढे केला आणि मग मागे घेतला.

डॉक्टर म्हणाला, गॅसनं नसांची वरची सालं झिजलीत. आता लांब राहिलात तर हळूहळू भरून येईल, वर्ष लागेल, दोन लागतील. किती येईल ते आत्ता सांगता येत नाही.

घरी आल्यावर तिनं पाट घेतला, विळी घेतली आणि सकाळचे उरलेले बोंबील साफ करायला बसली. दोन-चार झाल्यावर मान वर न करता म्हणाली, “आईच्या टायमाला पन?”

“हां.”

“हात धरून बसलेलाव तवा काय कलतच नवता?”

“नाय.”

तिनं आणखी एक बोंबील कापला. “आनि मी?”

“तू काय?”

“माज्या पाठीवर हात ठेवायचाव तवा.”

“ठेवला हाय तेवरा समजायचा,” जयदेव म्हणाला. “डोल्यांनी दिसायचा ना.”

दमयंतीनं विळी आडवी केली. “मना वाटला तुमचा मन उठला. हात लावाल तो रांजनाला लावल्यासारका. मी तीन वरसं देवीला नारल देतंय, कोन बाय हाय ती मरू दे म्हनून.”

“कोन बाय?”

“तेच तं. कोनच नवती.”

दोघंही हसली असती तर बरं झालं असतं. पण ती तशीच बसून राहिली. तिचे ओले हात मांडीवर उलटे पडलेले. मग म्हणाली, “मी तुमच्याशी बोलना टाकला. तुमी इचारला पन नाय का टाकला.” तिनं बोलणं टाकलं होतं हे जयदेवच्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि हे तिला सांगावं की नाही ते त्याला ठरवता येईना. त्यानं पाण्याची बादली उचलून तिच्या जवळ ठेवली. ती भरलेली होती हे त्याच्या हाताला न कळता खांद्याला कळलं.

कंपनीनं त्याला भट्टीवर टाकलं. रिकाम्या लाकडी चौकटींना गॅसऐवजी नुसती उष्णता देऊनही चालते, छप्पन्न अंशांवर अर्धा तास. त्याची एक खोलीएवढी भट्टी यार्डाच्या कोपऱ्यात होती. जयदेवनं खुर्चीत बसायचं, आकडे बघायचे, वेळ झाली की चौकटींवर शिक्का मारायचा. काम हलकं होतं. दिवस जात होते. कुणी विचारलं, कसं काय, तर तो म्हणायचा, बरा हाय, आणि ते खोटं नव्हतं, खरंही नव्हतं.

मार्गारेटच्या कागदांत आणखी एक ओळ होती. गॅसवरच्या प्रत्येकाला विचारा, त्रास आहे का. कंपनीनं विचारलं म्हणजे एक फॉर्म काढला, ‘मला कोणताही त्रास नाही’, आणि खाली सही. सहा जणांनी सह्या केल्या. त्यात शहाजीची होती.

जयदेव भट्टीच्या खुर्चीतून शहाजीला बघायचा. शहाजी चिकटपट्टी दातांनी तोडायला लागला होता. चहाचा पेला दोन्ही हातांनी धरायचा. आणि कंटेनरवर चढताना पायांकडे बघायचा. हे दुसऱ्या कुणाच्या नजरेत आलं नसतं. जयदेव स्वतः तीन वर्षं तसाच पायांकडे बघून चढला होता, म्हणून त्याच्या नजरेत आलं.

एका रविवारी तो दिघ्याला गेला. शहाजीची खोली डोंगराच्या अंगाला, वर चढून जायची, लोखंडी जिन्यावरची. शहाजीची बायको शालन हिनं चहा ठेवला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर जयदेव म्हणाला, “शहाजी, डोले मिट आनि वरचा बटन लाव.”

शहाजी त्याच्याकडे बघत राहिला. दवाखान्यातली बटणाची गोष्ट जयदेवनंच त्याला सांगितली होती, त्यामुळे कशासाठी ते त्याला कळलं होतं. मग त्यानं डोळे मिटले. शालन चहाचा कप घेऊन दारात उभी राहिली. शहाजीची बोटं गळ्यापाशी चाचपडली, बटण सापडलं, सुटलं, पुन्हा सापडलं, पुन्हा सुटलं. त्यानं डोळे उघडले.

“शर्ट नवा हाय,” तो म्हणाला. “काज घट्ट हाय त्याचं.”

शालननं कप खाली ठेवला आणि आत गेली.

निघताना शहाजी खालपर्यंत सोडायला आला. कठडा धरून, एकेक पायरी बघत. खाली आल्यावर म्हणाला, “भाऊ, कुनाला बोलू नगंस. तुला भट्टी मिळाली. भट्टी एकच हाय. मला घरी बसवतील. मी बावन्न वर्साचा, मला कोन ठिवून घील?”

“वाढेल ते.”

“वाढू दे. पोरगी बारावीला हाय. तेवढं वरीस जाऊ दे.”

जयदेव बरं म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. बस आली, तो बसला.

त्यानंतर आठ दिवस गेले. त्याला झोप लागली नाही, घास उतरला नाही, असं काही झालं नाही. झोप लागत होती, जेवणही जात होतं, आणि याचंच त्याला नवल वाटायचं. काहीतरी टोचायला हवं एवढं त्याला समजत होतं. हात पत्र्यावर असताना तो भाजतोय हे जसं दुसऱ्यानं सांगावं लागलं, तसं हेही कुणीतरी येऊन मनगट धरून सांगावं, असं त्याला वाटायचं. पण आता सांगणारं कोणी नव्हतं.

नवव्या दिवशी हरभऱ्याचे चार कंटेनर उघडले होते. दारं उघडून अर्धा तासही झाला नसेल, मीटर अजून टेबलावरच पडलेलं. शहाजी मास्क गळ्यात लोंबकळत ठेवून आत शिरला. पोत्यावर पाय ठेवताना त्याचा पाय चुकला, तो गुडघ्यावर आला, उठला, पुन्हा आत गेला. डोळे चोळले नाहीत. खोकलाही नाही. जयदेव खुर्चीतून उठला, भट्टी तशीच चालू ठेवून ऑफिसात गेला.

“प्रितेश, शहाजीला गॅसवरून कार, दुसरीकरं बसव.”

“का, काय झालं?”

“माज्यासारका झालाय त्याला.”

“काका, त्याने सही केलीय. मी फॉर्म पाठवून पण दिला.”

“सही कोनीबी करतो. त्याला बटन लावता येत नाय.”

खोटा फॉर्म पाठवला हे बाहेर आलं तर प्रितेशचंच लायसन जाणार होतं. आणि शहाजीला तसंच ठेवलं तर काय जाणार ते दोघांनाही दिसत होतं. टेबलावरचे स्वतःचे हात त्यानं एकदा उघडले, मिटले, पुन्हा उघडले. “तुम्ही बोललात हे त्याला सांगू का?” त्यानं विचारलं.

“सांग.”

शहाजीला त्याच दुपारी फाटकावर बसवलं, गाड्यांचे नंबर लिहायला. घरी बसवलं नाही, पण फाटकावरची जागा कायमची नव्हती, कंत्राटदाराची होती, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. सुट्टीच्या वेळी तो भट्टीपाशी आला.

“एकोनीस वर्सं तू खाल्लास गॅस आनि सुटलास,” तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता. “मला मधीच बुडवलंस.”

“बुरवला नाय.”

“मग काय केलंस?”

शहाजी थोडा वेळ थांबला, उत्तर येईल म्हणून खरोखर थांबला असावा, आणि मग गेला. त्या दिवसापासून तो जयदेवशी बोलायचा बंद झाला. डबा फाटकातल्या चौकीत खायचा. बाकीचे पाच जणही जयदेवपासून जरा हात राखूनच राहायचे. भट्टीवरून उठून हा कधी कुणाच्या बटणाकडे बघेल याचा नेम नव्हता.

जयदेवनं हे घरी सांगितलं. दमयंती ऐकून घेऊन म्हणाली, “बरा केला.” मग थोड्या वेळानं, “तुमाला वाईट वाटतं?”

“वाटत असेल,” तो म्हणाला. “कलंल.”

ती आता विचारायची. विचारून उत्तराची वाट बघायची, मग ते कितीही उशिरा येवो.

पावसाळा गेला. दवाखान्यात दर दोन महिन्यांनी जायचं, डॉक्टर सुई टोचायचा, काहीतरी लिहायचा. पायांच्या चवड्यांना मुंग्या यायला लागल्या होत्या. डॉक्टर म्हणाला, चांगलं लक्षण आहे. बोटांत फारसा फरक नव्हता. कोलंबी दमयंतीच सोलायची.

नोव्हेंबरात एका सुट्टीच्या दिवशी जयदेव बर्फाची पाटी घेऊन जुईनगरच्या बाजारात गेला. दमयंतीच्या पाटाशेजारी उलट्या टोपलीवर एक बाई बसली होती. जवळ गेल्यावर दिसलं, शालन. दिघ्याहून एकटीच आली होती. किती वेळ बसली होती कोण जाणे. दमयंतीनं गिऱ्हाईक करता करता तिला चहा मागवलेला दिसत होता.

जयदेवला बघून ती उठायला लागली.

“बसा, वयनी.”

“बाजार नव्हता करायचा,” शालन म्हणाली. “आमचं ह्ये जिन्यावरनं पडलं परवा. लागलं न्हाई जास्त. पन पायरी पायाला कळत न्हाई म्हनत्यात. कंपनीनं चिठ्ठी दिली हुती दवाखान्याची, ती फाडून टाकली त्यांनी. मी आले त्ये त्यास्नी ठावं न्हाई.” जरा थांबून ती म्हणाली, “त्यो डॉक्टर कंच्या वारी बसतो?”

“सोमवारी. आठला नंबर लावायला लागतो, नायतर दुपार होते. चिठ्ठी नसली तरी बघतात, केसपेपर काराचा.” जयदेवनं बर्फ खाली ठेवला. “मी येतो. रांगेत एक मानूस उभा राहायला लागतो, एकाला बसवता येतं मंग.”

“त्ये बोलायचं न्हाईत तुमच्याशी.”

“नको बोलू दे.”

शालननं पदराला हात पुसले. दमयंतीनं दोन बांगडे कागदात गुंडाळून तिच्या पिशवीत टाकले. शालन नको नको म्हणत होती तोवर दमयंती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली होती.

सोमवारी सात वाजताच जयदेव दवाखान्यात पोचला आणि रांगेला लागला. बावीस माणसं पुढे होती. साडेआठला शहाजी आला, पुढे शालन, मागे तो, भिंतीला हात लावत. जयदेवला बघून तो दारातच थबकला. शालन बाकापाशी जाऊन उभी राहिली. शहाजीनं मागे वळून पाहिलं, उतरायचा जिना बराच लांब होता. मग तो येऊन बाकावर बसला. जयदेवनं केसपेपर शालनच्या हातात दिला आणि नंबर पुढे सरकला तसा स्वतः बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकला. मधे दोन माणसांची जागा होती. ती रिकामीच राहिली.

भिंतीवरच्या पंख्याचा आवाज येत होता. अकराच्या सुमारास आतून आवाज आला, “पवार शहाजी.” शहाजी उठला. उठताना त्याचा तोल गेला आणि त्यानं आधारासाठी जे जवळ होतं ते धरलं. ते जयदेवचं मनगट होतं. धरलंय हे दोघांनाही डोळ्यांनीच कळलं.

“शर्टाची बटनं काराला सांगतील,” जयदेव म्हणाला. “काराचीच रे. मंग डोले मिटून परत लावाला सांगतील.”

शालन दार उघडून उभी होती. शहाजी मनगट सोडून एकेक पाऊल बघत आत गेला. जयदेव बाकावर बसून राहिला.